गोठ्यातला रोग, घरातला ताप

जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले आणि दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र ठरला. अशा वेळी मृत पक्ष्यांचे नमुने पशुवैद्यक घेतात, तर त्याच वस्तीतील तापाच्या रुग्णांवर डॉक्टर लक्ष ठेवतात. संकट ओसरले, की दोघांच्या वाटा बहुधा वेगळ्या होतात.

औसा तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागात मात्र या सहकार्याची गरज रोजची आहे. ब्रुसेलोसिस, अर्थात सांसर्गिक गर्भपात, हे त्याचे उदाहरण. या रोगाने गाय-म्हैस बहुधा गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यांत गाभडते. कच्च्या दुधातून, तसेच गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी उचलल्याने जंतू माणसात येतो. मग चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी. रुग्ण कधी टायफॉईडची, कधी संधिवाताची औषधे घेत राहतो. ‘घरी एखादे जनावर गाभडले आहे काय?’ एवढा एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला, तर योग्य रक्ततपासणी होते. आणि तिचा निष्कर्ष पशुवैद्यकापर्यंत पोहोचला, तर उरलेला कळप वाचू शकतो.

गोशाळा व पांजरपोळ चालविणाऱ्या जैन समाजासाठी हा प्रश्न अधिक गंभीर आहे. बाधित जनावराला बरे करणारा खात्रीचा उपचार नाही. अनेक देशांनी अशी जनावरे मारूनच रोग आटोक्यात आणला. तो मार्ग अहिंसेला मान्य नाही. म्हणूनच प्रतिबंधाची जबाबदारी वाढते : चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदा लस, दाखल होणाऱ्या प्रत्येक जनावराची तपासणी, बाधित जनावराचे विलगीकरण आणि दूध उकळूनच वापरणे. ही लस शासकीय कार्यक्रमात मोफत दिली जाते. माणसासाठी मात्र लस नाही.

लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय. ज्ञान जिल्ह्यातच आहे. उणीव आहे ती दोहोंना जोडणाऱ्या दुव्याची. रोजमेळ आणि खतावणी जुळल्याशिवाय व्यापारी दुकान वाढवत नाही. गोशाळेतही जनावरांच्या लसीकरणाची वही आणि सेवकांच्या आरोग्यतपासणीची वही शेजारी शेजारी असावी व दोन्ही वैद्यकांनी ती पाहावी. पर्युषणात दान देणाऱ्याने चाऱ्याच्या पावतीबरोबर या दोन वह्याही मागाव्यात. मुक्या जिवाची आणि त्याची सेवा करणाऱ्याची काळजी तेव्हाच एका हिशेबात येईल.