कबड्डी आणि तोंडातला पाहुणा

कबड्डीच्या सरावात सोबत्याचं कोपर लागून माझ्या भाच्याचा पुढचा दात अर्धा तुटला. दंतवैद्याने कॅप बसवली आणि बजावलं, यापुढे माउथगार्ड घालूनच मैदानात उतरायचं. बहिणीने त्याच दिवशी दुकानातून ते आणलं. महिन्याभराने मला ते त्याच्या मोज्यात सापडलं.

"मामू, ते घातलं की श्वास कोंडतो, लाळ गळते आणि कबड्डी म्हणताच येत नाही."

मुष्टियुद्धात गमशील्डशिवाय रिंगमध्ये उतरू देत नाहीत. पण मुष्टियोद्ध्याला बोलायचं नसतं. इथे शब्द पंचांना स्पष्ट ऐकू आला नाही, तर चढाई फुकट जाते.

मी ते स्वच्छ धुऊन स्वतःच्या तोंडात घातलं आणि आरशासमोर कबड्डी म्हणून पाहिलं. शब्दांशी रोजचा संबंध असल्याने एक गोष्ट ध्यानात आली. 'क' घशाकडून येतो, 'ब' ओठांतून, 'ड' जीभ टाळूला लागून. दातांचं काम कुठेच नाही! (आपल्या जुन्या हुतूतूत मात्र 'त'ला दात हवेतच.) मग अडतं कुठे? पुढचा भाग जाड असल्याने ओठ मिटत नव्हते आणि आतली कड जिभेच्या वाटेत येत होती. दोष पोराचा नव्हता, मापाचा होता.

बाजारात आयतं मिळणारं माउथगार्ड दाताखाली दाबूनच धरावं लागतं, मग तोंड उघडणार कसं? दुसरं गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं. यात सूचना नीट वाचाव्यात. फार जोराने चावलं, तर ते चावण्याच्या जागी पातळ होतं आणि संरक्षण तिथेच संपतं. तिसरं दंतवैद्य दातांचा साचा घेऊन बनवतो. ते महाग पडतं आणि वाढत्या वयात पुन्हा करावं लागतं. पण ते आपोआप बसून राहतं, श्वासाला आणि बोलण्याला जागा ठेवतं. कॅपचा खर्च आठवून बहिणीने हेच करून घेतलं. ते दात आणि ओठ वाचवतं. डोक्याला मार बसून येणारी भोवळ टाळेल, या भरवशावर मात्र राहू नये.

खेळ झाल्यावर थंड पाण्याने धुऊन ते भोकांच्या डबीत ठेवायचं, मोज्यात नाही आणि उन्हातही नाही.

तरीही सवयीला दिवस लागतातच. भाचा संध्याकाळी घरातच ते घालून दम घुमवत फिरायचा. शेजारच्या काकूंनी एकदा काळजीने विचारलं, "पोराला ताप चढलाय का हो?"