पाहुणा संचालक आणि लहान वयाचे एकलवादक

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा संगीतप्रमुख वर्षानुवर्षे आपल्या वादकांना घडवतो. पाहुणा संचालक मात्र थोड्या दिवसांसाठी येतो आणि मोजक्या तालमींत सत्तर-ऐंशी अनोळखी वादकांना एका विचाराने वाजवायला लावतो. त्यातच एकलवादक कोवळ्या वयाचा असला, तर त्याला सांभाळून घेण्याचे कामही त्याच्याकडेच येते.

जांबोटी-खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या रसिकाला यातली अवघड बाजू आपल्या मैफलीवरून कळेल. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणीच मुंबईच्या संगीत परिषदेत गाऊन गाजले. अशा मैफलीत गायक क्षणभर थांबला, तर तबलजी आणि पेटीवाला त्याच्याबरोबर थांबतात. वाद्यवृंदात प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेले स्वर असतात. एवढ्या जणांना एकदम थांबवायचे किंवा वळवायचे, तर आधार संचालकाच्या हाताचाच. म्हणून लय कुठे सैल सोडायची, हे तो एकलवादकाबरोबर आधीच ठरवतो. मुलाचे व्हायोलिन मापाने लहान, आवाजही लहान. त्यावर पितळी वाद्ये चढू नयेत याची काळजी तोच घेतो. कॉन्चेर्टो म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. तिच्यात एकलवादक एकटाच वाजवतो त्या भागात, म्हणजे कॅडेन्झात, वाद्यवृंद गप्प असतो. तिथून सगळ्यांना नेमक्या क्षणी परत आणणे ही खरी कसोटी.

संचालनाच्या कलेतले भारतातले सर्वांत मोठे नाव झुबिन मेहता. त्यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यात गोव्याचे वादकही होते. झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्कींकडे शिकले आणि १९५८ मध्ये लिव्हरपूलची संचालन स्पर्धा जिंकले. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख असताना, १९८२ च्या डिसेंबरमध्ये, त्यांनी अकरा वर्षांच्या मिदोरी या व्हायोलिनवादक मुलीला मंचावर आणले. आठ वर्षांच्या सारा चँगचे व्हायोलिनवादन ऐकून तिलाही त्यांनी याच वाद्यवृंदाबरोबर वाजवायला बोलावले. एवढ्या लहान मुलांवर विश्वास टाकायला धाडस लागते, आणि ते मेहतांजवळ होते.

असा विश्वास किती सार्थ ठरतो, हे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टँगलवुड महोत्सवात दिसले. चौदा वर्षांची मिदोरी लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली त्यांचीच ‘सेरेनेड’ वाजवत होती. तार तुटली. तिने वाद्यवृंदातल्या प्रमुख व्हायोलिनवादकाचे वाद्य घेतले. त्याचीही तार तुटली, तेव्हा आणखी एकाचे घेतले. ही दोन्ही वाद्ये तिच्या वाद्यापेक्षा मोठी होती, तरी वादन तिने तडीस नेले.

मुंबईत २००६ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) या संस्थेने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. त्यात परदेशी, विशेषतः कझाकस्तानचे, वादक बरेच असतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मेहतांनी प्रथमच या वाद्यवृंदाचे पाहुणे संचालक म्हणून काम केले. त्याच संस्थेच्या अकादमीत मुले शिकत आहेत. गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया ही संस्था गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन आणि चेलो शिकवते. या मुलांना वर्षातून एकदा तरी मोठ्या संचालकाबरोबर मंचावर बसवण्याची जबाबदारी वाद्यवृंद चालवणाऱ्यांनी घ्यायला हवी.