दिसणारें पान आणि लिहिलेलें पान

संगणकाच्या पडद्यावर आपण जीं पानें वाचतों, तशीं स्वतः बांधावींत अशी हौस आतां पुष्कळ घरांत दिसते. कुणास शाळेच्या संमेलनाची हकीकत द्यावयाची असते, तर कुणास आपला कुलवृत्तांत दूरच्या आप्तांपर्यंत पोंचवावयाचा असतो. अशांसाठीं मजकूर टंकावा, चित्र ठेवावें आणि पान पडद्यावरच आकारास येतांना पाहावें, अशीं साधनें निघालीं आहेत. १९९७ सालीं मॅक्रोमीडिया कंपनीनें काढलेलें आणि ती कंपनी विकत घेतल्यामुळें २००५ सालीं ॲडोबीकडे आलेलें ड्रीमवीव्हर हें त्यांपैकीं एक प्रसिद्ध साधन होय. त्याच्याच आधारें पान बांधण्याचीं प्राथमिक कामें आज समजावून घेऊं.

ही कल्पना तशी नवी नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यांत पान वाचतां येई, तसेंच तें लिहितांही येई.

परंतु आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपणांस दिसतें तें खरें पान नव्हे. पान म्हणजे एचटीएमएल या संकेतभाषेंत लिहिलेला मजकूर. हा मथळा, हा परिच्छेद, येथें अमुक नांवाचें चित्र, अशा सूचना त्यांत असतात, आणि त्या वाचून प्रत्येक वाचकाचा ब्राउझर तें पान नव्यानें मांडतो. ड्रीमवीव्हरमध्यें डिझाइन आणि कोड अशीं दोन दृश्यें आहेत. ‘स्प्लिट’ निवडलें कीं दोन्ही एकाच वेळीं समोर येतात. शिकणाऱ्यानें पहिले कांहीं दिवस हीं दोन्ही दृश्यें उघडीं ठेवावींत. एका ठिकाणीं आपण केलेल्या कृतीनें दुसऱ्या ठिकाणीं काय लिहिलें गेलें, हें पाहणें हाच खरा अभ्यास.

पहिलें काम लिहिण्याचें नसून जागा ठरविण्याचें आहे. एक फोल्डर करावा आणि ‘साइट’ या यादींतून ‘न्यू साइट’ घेऊन तो नोंदवावा. सर्व पानें व चित्रें त्याच्याच आंत ठेवावींत. मुख्य पानास ‘इंडेक्स’ हें नांव देण्याची रूढी आहे. मजकूर घालण्यापूर्वींच तें पान जतन करावें.

हा खटाटोप कशासाठीं, तें चित्र बसवितांना कळतें. चित्र पानांत जात नाहीं. पानांत जातो तो त्या चित्राचा पत्ता. पान जतन केलेलें नसेल, किंवा चित्र ठरविलेल्या फोल्डरबाहेर असेल, तर तो पत्ता आपल्याच यंत्रांतील एखाद्या कप्प्याचा होऊन बसतो. मग आपल्या घरीं चित्र उत्तम दिसतें, आणि वाचकाच्या घरीं मात्र रिकामी चौकट उरते. याउलट ‘शेजारच्या खोलींत’ असा पत्ता लिहिला, तर सारें बिऱ्हाड दुसऱ्या वाड्यांत हलविलें तरी तो खराच राहतो. म्हणून बाहेरचें चित्र घेतांना ‘याची प्रत फोल्डरमध्यें करूं काय?’ असें साधन विचारतें, तेव्हां होकार द्यावा. फाइलींचीं नांवें रोमन लिपींतील लहान अक्षरांत व मोकळी जागा न सोडतां द्यावींत. लहान व मोठ्या अक्षरांचा भेद विंडोज सहसा मानीत नाहीं, पण लिनक्सवर चालणारे सर्व्हर तो मानतात. नांव बदलावयाचें झाल्यास ड्रीमवीव्हरच्या ‘फाइल्स’ या चौकटींतूनच बदलावें, म्हणजे इतर पानांतील दुवेही सुधारून घेतां येतात.

तिसरें काम मथळ्यांचें. अक्षरें मोठीं व ठळक केलीं कीं मथळा झाला, असें डोळ्यांस वाटतें. कोडमध्यें मात्र तो साधा परिच्छेदच राहतो. यासाठीं ‘प्रॉपर्टीज’ या पट्टींतील ‘फॉरमॅट’मधून ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ असा दर्जा द्यावा. रंग आणि आकार यांची व्यवस्था नंतर सीएसएस या वेगळ्या नियमावलींत करावी.

हा भेद केवळ शास्त्रापुरता नाहीं. आपण हें भाषण जसें कानांनीं ऐकत आहां, तसेंच पानही कानांनीं वाचणारे लोक आहेत. अंध वाचकांचें वाचनसाधन कोड वाचून पान बोलून दाखवितें. मथळा खऱ्या दर्जाचा असेल, तर त्यांस एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातां येतें. नुसत्या ठळक अक्षरांचा त्यांस कांहींच उपयोग नाहीं. म्हणून चित्र बसवितांना ‘ऑल्ट’ या रकान्यांत त्याचें एका वाक्यांत वर्णन लिहावें. केवळ शोभेचें चित्र असल्यास तो कोरा सोडावा. पान मराठी असल्यास कोडच्या आरंभीं भाषेची खूण ‘एमआर’ या दोन रोमन अक्षरांनीं करावी. वाचनसाधनापाशीं मराठी आवाज असल्यास तो निवडण्यास त्या खुणेची मदत होते.

अखेरीस परीक्षा घ्यावी. सबंध फोल्डरची प्रत दुसऱ्या संगणकावर नेऊन तेथें पान उघडावें आणि प्रत्येक दुवा दाबून पाहावा. नंतर एनव्हीडीए हें विनामूल्य वाचनसाधन लावून, डोळे मिटून तें पान एकदां ऐकावें. आपल्या घरीं चांगलें दिसणारें पान परक्या घरीं उघडलें आणि न पाहणाऱ्यासही समजलें, म्हणजे तें नीट बांधलें गेलें असें खुशाल समजावें.