पायी चालणाऱ्याने जावे कोठून?

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर 2021 पासून 11 डिसेंबरला 'पादचारी दिन' साजरा होत आला आहे. त्या दिवशी काही तास वाहनांना मज्जाव असतो, रस्त्याच्या मधोमध माणसे निर्धास्तपणे फिरतात, आणि आजीआजोबा नातवंडांचे बोट सोडून चालू शकतात. महापालिकेचा हा उपक्रम स्तुत्य आहे याविषयी दुमत नाही. परंतु ज्या नगरीत पायी चालण्यासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवावा लागतो, त्या नगरीतील उरलेल्या 364 दिवसांना काय नाव द्यावे, हा प्रश्न आम्हांस पडतो. अपघाताची बातमी बहुधा आतल्या पानात चार ओळींत संपते. म्हणूनच आज हा विषय आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे.

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. 2018 साली येथील नोंदलेल्या वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्यापुढे गेल्याचे जाहीर झाले, तेव्हा कित्येकांना त्यात प्रगतीचेच दर्शन घडले. वाहने वाढली, वाहन चालविण्याची रीत मात्र वाढली नाही. पन्नास पावलांचा वळसा वाचविण्यासाठी उलट दिशेने गाडी घालणारा गृहस्थ समोरून रीतीने येणाऱ्यावरच डोळे वटारतो. तांबडा दिवा ही त्याला आज्ञा वाटत नाही. चौकात पोलीस उभा असेल तरच पाळावयाची ती एक सूचना असते. कोंडी झाली की दुचाक्या पदपथावर चढतात, आणि पदपथावरून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसास मागून भोंगा वाजवून बाजूला व्हावयास सांगतात! त्याने बाजूला व्हावयाचे ते कोठे? पदपथाच्या अर्ध्या भागावर विजेची पेटी आणि दुकानाची पाटी, आणि उरलेल्या अर्ध्यावर मागून आलेली ही दुचाकी. झेब्रा पट्ट्यावर उभे राहून गाडी थांबण्याची वाट पाहणे हे तर परगावच्या पाहुण्याचे लक्षण मानले जाते. स्थानिक मनुष्य हात पुढे करतो, देवाचे नाव घेतो आणि धावतो.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. दररोजची सरासरी 460 च्या वर जाते. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होती. मृतांमध्ये दुचाकीवरील लोक शेकडा 44 च्या वर, आणि पायी चालणारे जवळजवळ एक पंचमांश. म्हणजे ज्यांच्याभोवती लोखंडाचे कवच नाही, तेच प्रामुख्याने मरतात. आणि सरकारी अहवालच सांगतो की, शेकडा सत्तरांहून अधिक मृत्यूंच्या मागे मर्यादेबाहेरचा वेग असतो.

वेगाचे गणित शाळकरी मुलासही समजेल इतके सोपे आहे. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदास सुमारे 8 मीटर सरकते. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडण्यास एक सेकंद गेला असे धरले, तरी कोरड्या रस्त्यावर ती 13-14 मीटरांत थांबते. तीच गाडी ताशी 60 ने धावत असेल तर थांबावयास 35 मीटरांहून अधिक अंतर लागते. कारण वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. रस्ता ओलांडणारे मूल वीस मीटरांवर असेल, तर पहिल्या गाडीचा चालक फार तर त्याला रागे भरेल. दुसऱ्या गाडीच्या चालकाला तेवढीही सवड मिळत नाही.

आता नवले पुलाकडे वळू. कात्रजच्या नव्या बोगद्यातून निघालेला महामार्ग या पुलाकडे सतत उतरत येतो. 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका मालमोटारीने या उतारावर गाड्यांच्या रांगेत घुसून अनेक वाहनांचा चुराडा केला. त्यानंतर रम्बलर पट्टे आले, पाट्या आल्या, अधिकाऱ्यांच्या पाहण्या झाल्या. आणि 13 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच परिसरात पुन्हा एक अवजड वाहन अनावर होऊन आठ जणांचा बळी गेला. 2022 च्या अपघातात चालकाने उतारावर इंजिनाचा आधार सोडून दिला होता, असे प्राथमिक तपासात पुढे आले होते. डिझेल वाचविण्याची ही युक्ती जुनी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की गिअरमुळे मिळणारा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात आणि निकामी होतात. इंजिनच बंद केले तर हवेच्या ब्रेकांना लागणारा दाबही पुन्हा भरून निघत नाही. चार लिटर डिझेलसाठी चालक हा जुगार का खेळतो? त्याच्या मालकाने खेपेमागे डिझेलचा हिशेब बांधून दिलेला असतो म्हणून! त्या मालकाला कोणी प्रश्न विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. रस्त्याची आखणी आणि देखभाल यांतील कसुरीमुळे कोणी मेला वा पंगू झाला, तर जबाबदार यंत्रणेस एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198-अ या कलमाने आली आहे. हे कलम केवळ छापून ठेवण्यासाठी केले होते काय?

दुसरी गोष्ट याहून कटू आहे. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला, आणि त्या मुलास 300 शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर प्रथम जामीन मिळाला तेव्हा सारा देश संतापला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. त्या वेळी संतापलेल्यांपैकी किती पालकांनी आपल्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांच्या हातून स्कूटरची किल्ली काढून घेतली? शिकवणी सुटण्याच्या वेळी कोणत्याही क्लासच्या दाराशी उभे राहावे. सोळाव्या वर्षी कायद्याने चालविता येते ते 50 सीसीपर्यंतचे बिनगिअरचे वाहन, आणि तेही परवाना काढून. तसली वाहने आता रस्त्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. कलम 199-अ अन्वये अशा मुलाच्या पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पोर्शे असो वा जुनी स्कूटर, कलम एकच आहे.

हेल्मेटविषयी तर पुणेकरांनी स्वतंत्र तत्त्वज्ञानच निर्माण केले आहे. 2019 च्या जानेवारीत सक्तीविरुद्ध येथे मोर्चे निघाले. लोकमान्यांच्या गावी चळवळीची हौस असणारच. परंतु कायदा मोडणाऱ्याने शिक्षा आनंदाने भोगावयाची असते, हा त्या परंपरेचा दुसरा अर्धा भाग मात्र दंडाच्या पावतीबरोबरच थकीत राहतो.

मग करावयाचे काय? उपदेशाने हे सुधारेल असा भाबडेपणा आमच्याजवळ नाही. केवळ दंडाने सुधारेल असेही आम्ही मानत नाही. ज्याला दोन हजार रुपये म्हणजे एका जेवणाचे बिल, त्याला दंडाचे भय कसले? परवाना निलंबित करणे हे मात्र श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच बोचते. तांबडा दिवा तोडणे, उलट दिशेने जाणे, हातात मोबाइल धरून चालविणे हे 2019 पासून कलम 184 खाली 'धोकादायक चालविणे' ठरलेले आहे. या तीन अपराधांत दुसऱ्या वेळी सापडलेल्याचा परवाना तीन महिन्यांसाठी काढून घ्यावा, आणि कॅमेऱ्याने टिपलेला अपराधही त्यात धरावा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रस्ताच असा बांधावा की, भरधाव जाता येऊ नये. हेलसिंकी शहरात अर्ध्याहून अधिक रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे 2025 च्या जुलैपर्यंतच्या वर्षभरात रस्त्यावर एकही मृत्यू घडला नाही. फिनलंडची गोष्ट पुण्यात सांगू नका, असे कोणी म्हणेल. मग आपल्याच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे पाहावे. तेथे 2016 साली 151 माणसे मेली. नंतर प्रत्येक अपघाताची जागा तपासून कठडे बसविले, उघडे खांब झाकले, गस्त वाढविली, आणि 2023 पर्यंत हा आकडा निम्म्याहून खाली आला. चालक तेच होते. पुण्यातही जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले तेव्हा व्यापार बुडेल अशी ओरड झाली होती. आज तेथे माणसे बसतात, चालतात आणि खरेदीही करतात.

भारतीय रस्ते परिषदेने पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची फार तर 150 मिलिमीटर सांगितली आहे. आमच्या शहरात उंची मात्र गुडघ्याशी स्पर्धा करते, आणि म्हणून वृद्ध माणूस खालूनच चालतो. ओलांडण्याच्या जागा पदपथाच्या पातळीवर उचलून घ्याव्यात, म्हणजे गाडीला आपोआप मंदावे लागेल. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा काठी टेकीत चालणाऱ्याच्या पावलांनी मोजावा.

हे सारे एका वर्षात होणार नाही, हे आम्ही जाणतो. सबब आरंभ शाळांपासून करावा. शहरातील प्रत्येक शाळेच्या दारापुढे उचललेला ओलांडमार्ग आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दोनशे मीटरपर्यंत ताशी 30 ची मर्यादा, एवढे काम शाळा उघडण्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत करता येण्याजोगे आहे. महापालिका आयुक्त आणि पोलीस आयुक्त यांनी एकत्र बसून अशा शाळांची यादी करावी, आणि ती कोणत्या तारखेस प्रसिद्ध होणार, एवढे तरी नागरिकांस सांगावे.