३३ दिवसांचा निवाडा

नव्या पेठेत ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांस आपल्या सोलापुरातील चार हुतात्म्यांचे पुतळे परिचयाचे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांस पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. सत्तेविरुद्ध उठलेल्या मनुष्यास खुनी ठरवून फासावर चढविण्याची ही रीत त्याहून जुनी आहे. तिचे एक उदाहरण चांद्याच्या अरण्यात सापडते.

बाबूराव शेडमाके हा मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार होता. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि चांदा प्रांत इंग्रजांच्या अंमलाखाली आला. १८५८ साली बाबूरावाने अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव याच्यासह बंड पुकारले. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तळावर हल्ला होऊन गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. ते तारखात्याचे नोकर होते. त्यांच्या मरणाचे दुःख आम्ही लहान मानीत नाही.

अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने १८ सप्टेंबर रोजी बाबूराव पकडला गेला, आणि २१ ऑक्टोबर रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यास फाशी दिले. अटक, प्रवास, चौकशी, निकाल व शिक्षा, सारे ३३ दिवसांत आटोपले! व्यंकटराव मात्र १८६० साली हाती लागला. तोवर बंडाचा वणवा शमला होता. त्यास काळ्या पाण्याची शिक्षा झाली, परंतु त्याचा जीव वाचला. एकाच बंडाचे हे दोन पुढारी होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

समुद्रापलीकडेही असेच घडले. १८६२ साली अमेरिकेतील डकोटा लोकांनी उठाव केला, तेव्हा लष्करी पंचांनी ३०३ जणांस फाशी फर्मावली. कित्येकांची चौकशी काही मिनिटांतच उरकली होती. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी कागदपत्र पुन्हा तपासविले आणि केवळ लढाईत लढलेल्यांस वेगळे काढले. तरीही नाताळाच्या दुसऱ्या दिवशी ३८ जण फासावर गेले. परंतु दुसऱ्याने कागद वाचल्यामुळे बहुतेकांची फाशी टळली.

ज्याची हानी झाली तोच न्यायासनावर बसला, म्हणजे त्याचा राग कायद्याचा झगा पांघरून बोलू लागतो. ऐकून घेण्यापूर्वी दोष देऊ नये, असा मुद्दा निकदेमाने परूश्यांपुढे मांडला होता, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. आज आपल्या देशात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही, आणि निर्धन आरोपीस वकील देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. खटले लांबतात म्हणून आपण त्रासतो, व ते काही अंशी योग्यही आहे. परंतु एखाद्या आरोपीस ताबडतोब लटकवा, अशी ओरड कानी पडेल तेव्हा, विद्यार्थ्यांनो, चांद्याचे ते ३३ दिवस आठवा.