गोदामातील रिकामी वाट : ते नुकसान नव्हे, हिफाजत आहे

गोदाम भाड्याने घेताना आपला पहिला प्रश्न असतो तो चौरस फुटाचा. भाडे चौरस फुटावर, म्हणून प्रत्येक फुटावर माल दिसला पाहिजे, असा आपला हिशोब. थप्पी छताला भिडली, दोन थप्प्यांमधली वाट गाठींनी भरली, मागच्या दारापुढे ग्रे कापडाचे तागे लागले, की जागा वसूल झाली असे वाटते. मीही कित्येक वर्षे हाच हिशोब केला. तो चुकीचा आहे हे मला एका हमालाचा पाय मोडल्यावर कळले.

ईदचा सीझन होता. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाच-पाच थर गाठी एकावर एक उभ्या चढवलेल्या. ऑर्डर निघाली ती नेमकी तळाच्या गाठीची. वरच्या चार उतरवायला वेळ नाही म्हणून मुकादमाने ती खालूनच ओढायला सांगितली. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. थप्पी कलली. त्या माणसाला मागे हटायचे होते, पण मागे वाट नव्हती. त्या वाटेवर आदल्या दिवशी आलेला माल ठेवायला मीच सांगितले होते. दवाखान्याचा खर्च मी दिला, पण वर्षभर त्याच्या घरातली कमाई बुडाली ती बुडालीच.

त्यानंतर मी या विषयाकडे लक्ष देऊ लागलो. जे समजले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो. सगळ्याचे तात्पर्य एकच आहे. गोदामात जी जागा आपण रिकामी सोडतो तीच माणूस वाचवते.

थप्पी का पडते?

थप्पी पडण्याची कारणे साधी आहेत. जमीन उंचसखल असणे, खालची गाठ सैल किंवा ओली असणे, वेगवेगळ्या मापाच्या गाठी एकत्र रचणे आणि तळातून माल ओढणे. यावर उपायही साधेच. सर्वांत जड माल खाली ठेवावा. प्रत्येक थर खालच्या थराच्या सांध्यावर यावा, भिंतीत विटा बसतात तसा. बाहेरची बाजू पायऱ्यांसारखी आत घेत जावी. माल काढायचा तो वरूनच. तयार मालाचे रोल असतील तर दोन्ही कडांना अडकण लावल्याशिवाय रचू नयेत, कारण रोल घरंगळतो.

पावसाळ्यात माल फळ्यांवर ठेवावा. ओल चढून खालची गाठ बसली की वरचा सगळा डोलारा एका बाजूला झुकतो. दोन थप्प्यांमध्ये ओझे घेतलेला माणूस सरळ चालू शकेल एवढी वाट सोडावी. जमिनीवर पिवळ्या रंगाचे पट्टे मारावेत आणि पट्ट्याच्या आत एक तागाही ठेवू नये. रंगाचा एक डबा पुरतो. मुकादमाला रोज सांगावे लागत नाही, पट्टाच सांगतो.

आग आणि बाहेरचे कुलूप

८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका इमारतीत आग लागली. तिथे बॅगा, टोप्या असा माल तयार होत असे आणि कामगार तिथेच झोपत. ४३ जण गेले, त्यांतले बहुतेक धुराने गुदमरून. खिडक्यांना लोखंडी गज होते. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. ८ जण मरण पावले. त्यांत कारखान्याचे मालक आणि त्यांच्या घरचे लोकही होते. आग मालक आणि मजूर असा भेद करत नाही.

कापडाच्या आगीचा स्वभाव ओळखला पाहिजे. सुती माल आत धुमसत राहतो. वरून विझलेली गाठ काही तासांनी पुन्हा पेटू शकते. म्हणून अशी गाठ बाहेर ओढून, फोडून, आतपर्यंत भिजवावी लागते. पॉलिएस्टर वितळते, त्याचे जळते थेंब खाली पडतात आणि त्याचा धूर विषारी असतो. दोन्हींत ज्वाला पोहोचण्याआधी धूर पोहोचतो. बाहेर पडायला मिळणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. त्या मिनिटांत वाट मोकळी आहे की तिथे माल आहे, एवढ्यावरच सगळे ठरते.

चोरीच्या भीतीने आपल्यापैकी अनेक जण रात्री शटरला बाहेरून कुलूप लावतात आणि आत दोन-चार पोरे झोपलेली असतात. माल अमानत आहे हे खरे. पण ती पोरे त्यांच्या आईबापांनी आपल्याकडे सोपवलेली अमानत आहेत आणि ती मालापेक्षा मोठी आहे. गोदामात कुणाला झोपवूच नये. राखणदार हवाच असेल तर त्याची जागा बाहेर, दाराजवळ असावी. आतून किल्लीशिवाय उघडेल असे दुसरे दार ठेवावे. चोरीची भीती असेल तर त्या दाराला घंटी बसवावी, कुलूप नव्हे.

आग लागू नये म्हणून वायरिंगकडे पाहावे. दिवे, पंखे आणि स्विचबोर्डांवर कापडाचे तूस साचते. ते दर आठवड्याला, मेन स्विच बंद करून झाडावे. दिव्याखाली किमान दोन हात जागा मोकळी ठेवावी. मेन स्विच दाराशी असावा, मालाच्या मागे नव्हे. एका सॉकेटमध्ये तीन-तीन तारा खोचू नयेत. ई-रिक्षाची किंवा स्कूटरची बॅटरी गोदामात रात्रभर चार्जिंगला लावू नये. बिडी आणि स्टोव्ह दोन्ही बाहेर. हमालांना चहा-भाकरीसाठी बाहेर छप्पर करून दिले तर ते आत चूल का पेटवतील?

कापडाच्या गोदामाला ए-बी-सी पावडरचे अग्निशामक सिलिंडर चालते. गोदामात कुठेही उभे राहिले तरी ते १५ मीटरच्या आत हाती लागावे. त्यावरच्या काट्याकडे दर महिन्याला पाहावे. काटा हिरव्या भागात हवा. वापरायची रीत सोपी आहे. पिन ओढा, नळी आगीच्या मुळाशी धरा, दांडा दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. विजेच्या आगीवर पाणी कधीच टाकू नका. सिलिंडर काही सेकंदांतच संपते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, तर माल सोडून बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

मजल्यावर किती भार?

भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत जुन्या घरांचे वरचे मजले गोदाम म्हणून वापरले जातात. इथे थोडे गणित करू. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून बांधतात, म्हणजे चौरस फुटाला २० किलोपेक्षाही कमी. गोदामासाठी कमीत कमी ७५० किलो धरतात आणि थप्पी जितकी उंच तितका तो आकडा वाढतो. रुईची एक गाठ १७० किलोची आणि ती साधारण सहा चौरस फूट जागा घेते. म्हणजे चौरस फुटाला २८ किलो. घराच्या मजल्यावर गाठींचा एक थर भरला तरी हद्द ओलांडली, मग दुसऱ्या थराचे काय?

२९ एप्रिल २०२३ रोजी भिवंडी तालुक्यातील वळ गावात एक इमारत कोसळली. खाली गोदाम होते आणि वर लोक राहत होते. ८ जण दगावले. अशा जागेत माल भरण्याआधी एखाद्या इंजिनिअरला मजला दाखवावा. त्याची फी गोदामाच्या भाड्यापुढे काहीच नाही. तुळईला नवी भेग दिसली, दार घासू लागले, पोटमाळा लवला, तर त्याच दिवशी माल उतरवावा.

ओझे, गाडी आणि उष्मा

पुरुषाने हाताने किंवा डोक्यावर वाहायचे ओझे ५५ किलोच्या वर नसावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली आहे. आपल्याकडे त्याहून जड गाठी अजूनही पाठीवर जातात. चाळिशीतच कंबर गेलेले हमाल आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गाठ बांधून घेतानाच लहान बांधायला सांगावी. जिथे ते शक्य नाही तिथे हातगाडी किंवा ट्रॉली द्यावी. वाट मोकळी असेल तरच ट्रॉली चालते, हे वेगळे सांगायला नको.

ट्रक लागला की चाकापुढे आणि मागे लाकडी ठोकळे लावावेत. माल उतरेपर्यंत चावी ड्रायव्हरकडे नको, मुकादमाकडे असावी. गाडी मागे घेताना एका माणसाने बाजूला, ड्रायव्हरला आरशात दिसेल असे उभे राहावे. गाडी आणि भिंत यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये.

पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यात भट्टी होते. जड काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्यावे. प्यायचे पाणी हाताशी असावे. घाम फार गेला तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. चक्कर, उलटी, गोळे येणे ही सुरुवात आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. रमजान उन्हाळ्यात आला तर रोजेदार हमालाच्या वाट्याला दुपारची जड उतरण येणार नाही हे मालकाने स्वतः पाहावे. तो तोंडाने सांगणार नाही.

कायदा आणि विमा

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली येणाऱ्या इमारतींत अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर आहे. यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. कामगारांच्या सुरक्षेची केंद्राची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे आणि नियुक्तीपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

लहान व्यापारी म्हणेल, माझ्याकडे चारच माणसे आहेत. मग त्यांची बँकेत खाती काढून प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी उतरवावा. वर्षाला २० रुपये हप्ता आहे, वय १८ ते ७० चालते आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. चार माणसांचे ८० रुपये आपणच भरले तर काय बिघडते? मालाचा विमा आपण न चुकता उतरवतो. माल उचलणाऱ्याचा मात्र विसरतो.

शेवटी एक सवय सांगतो. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी शटर उघडल्यावर मालकाने मुकादमाला घेऊन एक फेरी मारावी. वाटा मोकळ्या आहेत का, मागचे दार उघडते का, थप्पी सरळ आहे का, सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, एवढेच पाहायचे. दहा मिनिटे लागतात. आमच्या गाळ्यात आज पूर्वीपेक्षा माल कमी मावतो हे खरे आहे. पण ऑर्डर निघाली की गाठ लगेच सापडते, चार गाठी उतरवाव्या लागत नाहीत. त्या हमालाचा मुलगा आता आमच्याकडे मुकादम आहे. मागच्या दारापुढची जागा तो कुणालाही भरू देत नाही, मलाही नाही.