मोरजीची कासवे आणि आपल्या बेडरूममधला दिवा

गोव्याला जायचे म्हटले की हल्ली अनेक कुटुंबांची गाडी कळंगुट-बागाच्या गर्दीला वळसा घालून उत्तरेकडे, पेडणे तालुक्याकडे वळते. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि मोरजी, आश्वे, मांद्रे ही गावे आणखी जवळ आली. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथेच मोरजीचा किनारा आहे. किनाऱ्यावरच्या टेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे दरवर्षी अंडी घालायला येतात. गावातली माणसे आणि वन खाते मिळून १९९० च्या दशकापासून त्यांची राखण करत आहेत.

आता तुम्ही म्हणाल, लेख झोपेवरचा आणि त्यात कासवे कुठून आली? पण रात्रीच्या दिव्याचा रंग सजीवाच्या शरीराला काय सांगतो, हे समजून घ्यायला मोरजीइतकी चांगली जागा नाही.

पिल्लांना वाट कोण दाखवते?

साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लांशी तिची पुढे भेट नाही. दीड-दोन महिन्यांनी, बहुधा रात्रीच, पिल्ले वाळूतून वर येतात. समुद्र कुठे आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. चांदण्यांनी उजळलेले पाण्यावरचे क्षितिज जमिनीवरच्या झाडाझुडपांपेक्षा उजळ दिसते, आणि उजेडाच्या दिशेने चालायचे एवढेच त्यांना उपजत ठाऊक असते.

लाखो वर्षे ही खूण चुकली नाही. मग किनाऱ्यावर शॅक आले, हॉटेले आली, पांढरेशुभ्र दिवे आले. समुद्रापेक्षा जमीनच जास्त उजळ झाली, तर पिल्ले उलट दिशेला चालू लागतात. तिकडे कुत्री असतात, कावळे असतात, रस्ता असतो आणि सकाळचे ऊन असते. म्हणूनच २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांचा कासवांची विणीची ठिकाणे म्हणून नावानिशी उल्लेख आहे.

कासवांच्या किनाऱ्यांवर दिवे कसे असावेत, याचे जगभर मानले जाणारे तीन साधे नियम आहेत. दिवा मंद आणि जमिनीलगत असावा, त्यावर आडोसा असावा, आणि रंग तांबूस-पिवळा असावा. निळसर-पांढरा प्रकाश पिल्लांना सर्वांत जास्त खेचतो, तांबूस प्रकाश त्या मानाने कमी. हे तीन नियम लक्षात ठेवा, बेडरूममध्ये पुन्हा लागणार आहेत.

आपल्या डोळ्यातले घड्याळ

माणूस उजेडाकडे सरपटत जात नाही, पण उजेडाची खूण आपले शरीरही वाचते. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे नाही, तर बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणे आहे. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. ते सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देते. दुपारच्या आभाळात हा प्रकाश भरपूर असतो, समईच्या ज्योतीत अगदी थोडा.

संध्याकाळ झाली, उजेड उतरला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन सोडू लागते. ‘रात्र झाली, आवरा आता’ असा हा शरीराला निरोप असतो. डोळ्यावर प्रखर प्रकाश पडत राहिला तर तो निरोप उशिरा निघतो.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ साली ११६ निरोगी तरुणांवर केलेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा आहे. झोपण्याआधीचे तास त्यांनी काही वेळा घरात असतो तशा नेहमीच्या उजेडात काढले, काही वेळा अगदी मिणमिणत्या उजेडात. नेहमीच्या उजेडात मेलॅटोनिनचा एकूण काळ सुमारे दीड तासाने आखूड झाला. तो उजेड काही स्टेडियमचा नव्हता, आपल्या हॉलमध्ये असतो तेवढाच होता.

झिरोच्या बल्बपासून कूल डेलाइटपर्यंत

आपल्या आजी-आजोबांच्या घरात रात्री कंदील किंवा चिमणी असे. नंतर पिवळा बल्ब आला आणि निजायच्या खोलीत झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण वीज दहा-पंधरा वॅट खाणारा! मग ट्यूबलाइट आली. लख्ख पांढरा उजेड ही सुबत्तेची खूण झाली आणि पिवळा दिवा जुनाट ठरला.

पुढे एलईडी आले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्याच्यावरचा पिवळ्या द्रव्याचा थर त्याला पांढरा करतो. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. विजेची मोठी बचत झाली, हे निर्विवाद. मात्र याच काळात ‘कूल डेलाइट’ हा स्वयंपाकघरापासून बेडरूमपर्यंत सगळीकडचा रंग होऊन बसला.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आठवा: आधी लाल, मग पिवळे, आणखी तापले की पांढरे. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. समईची ज्योत २००० च्या आत-बाहेर, जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, आणि कूल डेलाइट ६५००. म्हणजे रात्री दहा वाजता आपण बेडरूममध्ये भर दुपारचे आभाळ लावून बसतो.

यावरून घरोघरी एक गोड भांडणही होते. नव्या जोडप्याच्या फ्लॅटमध्ये मंद पिवळे दिवे असतात आणि राहायला आलेले आईबाबा म्हणतात, “काय रे हा अंधार! दिवेलागणीला घर कसे उजळलेले हवे.” दोघांचेही खरे आहे. दिवेलागणीला घर उजळलेले असावे, निजानिजेला नसावे.

पिवळा दिवा जादू करत नाही

इथे थोडे सावध राहू या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ जणांनी झोपण्यापूर्वी चार तास एकदा उजळ पडद्यावर आणि एकदा छापील पुस्तक वाचले. पडद्यामुळे मेलॅटोनिन सुमारे दीड तास उशिरा वाढू लागले, सकाळी सुस्तीही जास्त राहिली. पण झोप लागायला उशीर झाला तो सरासरी दहाच मिनिटांचा. बाझल विद्यापीठाने २०२३ मध्ये १६ जणांवर आणखी एक प्रयोग केला. मेलॅनोप्सिनवरचा परिणाम सारखा ठेवून प्रकाशाचा रंग नुसता निळसर किंवा पिवळसर केला, तेव्हा झोपेत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

मग शिकायचे काय? प्रकाश डोळ्याला पिवळा दिसणे पुरेसे नाही. तो किती प्रखर आहे, किती वाजता आणि किती वेळ डोळ्यावर पडतो, हे आधी पाहायचे. उबदार रंगाचा दिवा उपयोगी आहे, कारण तेवढ्याच उजेडात त्यात निळा भाग कमी असतो. पण पिवळ्या रंगाचे सहा दिवे फॉल्स सीलिंगमध्ये एकदम लावले तर फायदा फारसा उरत नाही. मोबाइलच्या ‘नाइट मोड’चेही तेच. पडदा पिवळा केला तरी त्यावरची बातमी, रील आणि ऑफिसचा मेल मेंदूला जागेच ठेवतात.

घरात काय करता येईल

मोरजीचे तीन नियम आता घरी आणू या.

*मंद आणि खाली.* झोपण्याआधी दोन तास छतावरचे दिवे बंद करून पलंगाशेजारचा एकच छोटा दिवा लावा. डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली असला तर उत्तम.

*आडोसा.* बल्ब थेट दिसू नये, शेड असावी किंवा प्रकाश भिंतीवर पडावा. रस्त्यावरच्या दिव्यासाठी जाड पडदा लावा. एसी, चार्जर आणि राउटरच्या निळ्या ठिपक्यांवर चिकटपट्टी लावली तरी खोली पुष्कळ शांत होते.

*तांबूस.* बेडरूमसाठी २७०० ते ३००० केल्विनचा कमी वॅटचा बल्ब घ्या. बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत छोटा तांबूस दिवा ठेवा.

लहान मुलांचे डोळे संध्याकाळच्या प्रकाशाला मोठ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असतात, म्हणून गोष्टीच्या वेळेचा दिवा खास मंद ठेवा. दहावी-बारावीच्या मुलांना मात्र अभ्यासाला चांगला उजेड हवाच, त्यांचे टेबल शक्यतो पलंगापासून वेगळे असू द्या. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि ज्येष्ठांना कमी दिसते. त्यांच्या वाटेवर अंधार करू नका, झोपेपेक्षा पडण्याचा धोका मोठा.

आणि सकाळ विसरू नका. २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन दिलेल्या शिफारशींत रात्रीच्या मंद प्रकाशाइतकाच भर दिवसाच्या भरपूर प्रकाशावर आहे. सकाळचा चहा बाल्कनीत घ्या, मुलांना शाळेच्या बसपर्यंत चालत न्या. दिवस नीट उजाडला तरच शरीराला रात्र नीट कळते.

एवढे करूनही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नसेल आणि हे काही महिने चालले असेल, किंवा मोठ्या घोरण्यात मध्येच श्वास अडकत असेल, तर बल्ब बदलत बसू नका, डॉक्टरांना भेटा.

पुढच्या हिवाळ्यात मोरजीला उतरलात, तर समुद्राकडच्या बाल्कनीचा दिवा रात्री बंद ठेवा. किनाऱ्यावर मोबाइलची टॉर्च लावू नका, मुलांनाही त्याचे कारण सांगा. पिल्लांना पाणी सापडेल, आणि त्या अंधारात तुम्हालाही झोप छान लागेल.